पाहुणीबाईचं पाणी

माठ हरवला आणि सकाळीच कुंपणावर भांडण जुंपलं.

"हेनाराबाई, माझ्या बायकोचा माठ मुकाट्यानं परत द्या!" ओनोफ्रेबाबा मिरचीच्या वाफ्यातून ओरडले.

"मला काय करायचाय तुमचा माठ? माझ्याकडं फ्रीज हाय," पलीकडून शेजारीण म्हणाली. "सोताच ठिवला आसंल कुठंतरी. परवा टोपी डोस्क्यावर आन् सगळं घर धुंडाळत हुता."

"ती येगळी टोपी हुती!"

एलोइसा दारात उभी राहून हसू दाबत होती. महिन्यातून एकदा ती आल्बुकर्की शहरातून बापाकडे यायची. या खेपेला वारलेल्या आईचा अभ्रकाने चमकणारा माठ ती सोबत नेणार होती. मागितला, तसे बाबा जरा घुटमळले आणि त्यांनी थेट शेजारणीवर आळ घेतला.

जून सरत आला होता. डोंगरावर यंदा बर्फच कमी पडलं, त्यामुळे पाट आटलेला. पाटकरी पाण्याची पाळी द्यायचा ती नावापुरती. माती अशी तापायची की कोंबड्या एक पाय वर धरून विचार करत उभ्या राहायच्या. बाबांची परसबाग तरी तग धरून होती. मिरची, भोपळा, घेवडा आणि मधूनमधून आपला आपण उगवलेला चाकवत आणि घोळ. कुंपणाकडेला रानचहा. झाडांजवळ गळ्यापर्यंत पुरलेली मडकी होती. आत पाणी ओतायचं, तोंडावर चपटा दगड ठेवायचा. मडकं पाझरतं, मुळं पितात.

कोपऱ्यातल्या काकडीजवळ मात्र मडकं दिसत नव्हतं. तिचं रोप एलोइसाने शहरातून आणून लावलेलं. बाबा तिला पाहुणीबाई म्हणत. ती जगावी असं एलोइसाला फार वाटे, पण बाबांपुढे तसं म्हणायची सोय नव्हती.

तिने झारी उचलली.

"ठिव ती खाली! हितं मिरचीच्या घशाला कोरड पडलीया. पाहुणीबाईला म्हणावं, आपल्या गावाला जाऊन पी."

"मिरची तरी कुठली इथली, बाबा? तीही कधीतरी बाहेरूनच आली असणार."

"आली आन् ऱ्हायली. जी ऱ्हाती तिला पाणी."

एलोइसाने झारी खाली ठेवली. हे काकडीला उद्देशून होतं की आपल्याला, ते तिने विचारलं नाही.

"आन् त्या कोपऱ्यात जाऊ नगंस," बाबा म्हणाले. "बघितलं की लाजती ती. वाळायची ती निवांत वाळू दे."

दुपारी दोघांनी घेवड्याच्या दाण्यांत शिजवलेला चाकवत खाल्ला, वर लाल मिरची. उन्हं कलल्यावर ती गाडीत बसली. बाबा खिडकीत वाकले.

"तिकडं शहरात माझी आठवण येती का गं कधी?"

"मिरचीची येते."

बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. "बराबर हाय! मी काय, कुठं बी मिळतो!"

त्याच आठवड्यात ते गेले. जर्दाळूच्या झाडाखाली बाकावर बसल्याबसल्याच. हेनाराने पाहिलं. "टोपी डोस्क्यावरच हुती गं," एवढंच ती एलोइसाला सांगू शकली.

घर माणसांनी भरलं. कुणी घेवड्याची पातेली आणली, कुणी रस्सा, आणि प्रार्थना झाल्या. या सगळ्यात परसाकडे कुणाचंच लक्ष गेलं नाही. पांगापांग झाल्यावर एलोइसा झारी घेऊन मागे गेली. मिरच्यांनी माना टाकल्या होत्या. भोपळ्याची पानं फडक्यांसारखी लोंबत होती.

कोपऱ्यातली काकडी हिरवीगार होती. पिवळी फुलं अंगावर आणि एक काकडी मातीला टेकलेली. एलोइसाने पानं बाजूला सारली. खाली चपटा दगड. दगड उचलला, तर आईच्या माठाचा गळा उन्हात चमकला.

"मावशी! इकडे या जरा!"

हेनारा झगा सावरत कुंपणातून घुसली. वाकून बघितलं आणि कमरेवर हात ठेवले.

"बघ, बघ तुझ्या बापाचे धंदे! माठ गाडला हितं, आन् चोर मी?" ती हसली आणि हसता हसता तिने पदरासारखा एप्रन डोळ्यांना लावला. "रोज हितं खुडबूड चालायची. मी इचारलं, काय करताय? तर म्हणं, पाहुणी मेली का बघतोय."

ती गेल्यावर एलोइसाने माठात हात घातला. तळाशी अजून बोटभर पाणी होतं. बाबांनीच ओतलेलं. त्यात तिने वरून पाणी घातलं नाही. झारी घेऊन ती आधी मिरचीकडे गेली, मग भोपळ्याकडे, घेवड्याकडे. सगळी मडकी भरली. मग परत येऊन माठाशी बसली आणि तो दगड हातात घेऊन, कुंपणापलीकडे ऐकू गेलं तरी चालेल अशा आवाजात म्हणाली,

"तुमचीच येत होती, बाबा. मिरची कुठंही मिळते."