स्वर्गारोहणाच्या दिवशी पाण्याची पाळी

मुक्ताबाई गेली ती ईस्टरच्या सकाळी. प्रभू येशूच्या स्वर्गारोहणाचा गुरुवार आला तो तिचा बरोबर चाळिसावा दिवस.

तिचा नवरा कचरू महापालिकेचा वॉल्व्हमन. गल्लीत आठ दिवसांनी पाणी यायचं आणि ते त्याच्या चावीनंच यायचं. ईस्टरच्या सकाळीही पाळी होती. मुक्ताबाई दवाखान्यात होती. अर्ध्या तासात येतो, असं तिला सांगून तो गेला. परतला तेव्हा तिच्या तोंडावर चादर ओढलेली होती.

दरवर्षी या सणाचा शास्त्रपाठ मुक्ताबाई वाचायची. यंदा चर्चचे पाळक राजेंद्र यांनी कचरूला विचारलं, आणि तिचं एवढं एक काम आपल्या हातून व्हावं म्हणून तो हो म्हणाला. पण आदल्या दिवशी ऑफिसातून फोन आला. पाळी गुरुवारी सकाळी सातला, म्हणजे ऐन उपासनेच्या वेळी. बदली माणूस लग्नाला गावी गेलेला.

कचरूनं शेजारच्या फारूखला सांगितलं, पाणी तासभर उशिरा सोडतो, गल्लीला तेवढं कळव.

"जाव तुम्ही," फारूख म्हणाला. "आमच्यातबी चाळिसावा लई मोठा. आठ दिवस थांबलेल्याला एक तास म्हंजे चहाचा घोट."

मुकुंदवाडीच्या लहान चर्चमध्ये कचरू वॉल्व्हची लांब लोखंडी चावी घेऊनच गेला. सायकलवर ठेवली असती तर कुणी भंगारात घातली असती. बाकाला चावी टेकवून तो वाचायला उभा राहिला. प्रभू शिष्यांच्या देखत वर घेतला गेला आणि ढगानं त्याला झाकलं, इथवर त्यानं वाचलं. पुढच्या ओळीवर तो थांबला. त्या शिष्यांनी जाणाऱ्याला निदान डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यानं पुस्तक मिटलं. उरलेलं पाळकांनी वाचलं.

मग ते बोलले. प्रभू वर गेला म्हणजे आपल्याला टाकून गेला नाही, तो गादीवर बसला. म्हणून खाली नगरसेवक असो की मंत्री, शेवटचा हुकूम त्याचा. आणि त्याच्या माणसानं आभाळाकडं बघत बसायचं नाही, गावातलं आपलं काम इमानानं करायचं. मुक्ताबाईही हेच सांगायची. एका पुढाऱ्याच्या बंगल्याला जादा पाणी सोडायला तिनंच कचरूला नको म्हटलं होतं.

उपासना सुटल्यावर दारात कचरूनं पाळकांना थांबवलं.

"गादीवर तोच बसलाय ना? मग त्या दिवशी मला तिच्यापासून उठवून पाण्यावर कुणी धाडलं?"



"मला माहीत नाही, कचरूभाऊ," पाळक म्हणाले.

खोटं बोलले नाहीत, एवढं कचरूला बरं वाटलं. तेवढंच.

तो गल्लीतल्या वॉल्व्हच्या चेंबरपाशी आला, झाकण सरकवलं, चावी बसवली आणि फिरवली. नळांतून आधी हवा सुसाटली, मग पाणी आलं. फारूखची बायको सगीरा हंडे लावत होती. तिनं नेहमीसारखं विचारलं, किती वेळ सोडणार?

"तासभर," कचरू म्हणाला.

त्यानं एकदा वर पाहिलं. मे महिन्याचं कोरडं आभाळ, त्यात ढगही नव्हता. तो चेंबरच्या कडेला बसून राहिला. आज अर्ध्या तासात कुठं परतायचं नव्हतं.