मुख्य शाखेत म्हाळसा

जे सगळ्यांसाठी खुलं म्हणून मिरवतं, त्यालाही एक किल्ली असते आणि ती कुणाच्या तरी खिशात असते, हे सिद्धूला फार उशिरा कळलं.

बारामतीच्या एका कॉलेजात शिकवणाऱ्या नीळकंठ सरांनी मराठी लिहायचं एक सॉफ्टवेअर सुरू केलं होतं. त्याचं नाव 'टाक'. ते फुकट होतं आणि त्याचा कोड उघडा होता. कुणीही वाचावा, कुणीही सुधारून पाठवावा. हैदराबादपासून जर्मनीपर्यंतची माणसं इंटरनेटवरून त्यात भर घालत. पण आलेलं काम मुख्य शाखेत, म्हणजे सगळं जग जी प्रत उतरवून घेतं तिच्यात, मिसळायचा पासवर्ड एकट्या सरांकडे असे. सर भाषणात म्हणायचे, "टाक सर्वांचा आहे." लोक टाळ्या वाजवायचे. सिद्धूही वाजवायचा.

सिद्धू वरकुट्याचा. इंदापुरात एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचा आणि क्लास सुटला की तिथल्याच मशीनवर 'टाक' उसवत बसायचा. उसवण्यासारखंच होतं ते. एकेका जोडाक्षरासाठी सरांनी एकेक ठिगळ लावलेलं. एक नीट केलं की दुसरं फाटायचं. सिद्धूने सगळी ठिगळं काढून टाकली आणि आतला गाभा नव्याने लिहिला. वर्ष गेलं त्यात. बायको, प्रतीक्षा, म्हणायची, "पोरीपरीस त्या टाकाकडं जास्त बगता तुमी." खोटं नव्हतं ते.

क्लासात इंटरनेट नव्हतं, म्हणून फ्लॉप्यांची पिशवी घेऊन तो एसटीने बारामतीला सरांच्या घरी खेपा घालू लागला. सर पिशवी ठेवून घ्यायचे, चहा द्यायचे आणि पुढच्या खेपेला हसून म्हणायचे, "अरे, मधल्या काळात मुख्य शाखा पुढे गेली. तुझं काम आता बसत नाही. पुन्हा जुळवून आण." शाखा पुढे गेली म्हणजे काय, तर सरांनी दहा फायलींतल्या ओळी उगाच इकडच्या तिकडे केलेल्या असायच्या. सिद्धू पुन्हा जुळवायचा. आपल्याला खेळवताहेत असं त्याला वाटलंच नाही. सरांना आपण देवमाणूस म्हटलंय ना, मग शंका घ्यायची कशी?

घरी त्याचे वडील कुंडलिक, म्हणजे आबा, सारखं विचारायचे, हे मिसळणं मिसळणं काय असतं. आबांनी उभं आयुष्य मेंढरांमागे काढलेलं. आता कळप गेला होता आणि रानात ऊस आला होता. सिद्धूने त्यांना कळेल असं सांगितलं, "माजा कळप त्यांच्या कळपात सोडायचा हाय."

"खूण केली का?"

"व्हय. दर फायलीच्या डोक्यावर नाव घातलंय."

आबा तोंड भरून हसले. "लेका, कानावरची खाच चोर आदी बगतो. तुजी खाच हाय तितंच मोठी खाच मारली की झालं त्याचं मेंढरू. हाकंची सवय लावायची असती. आपली म्हाळसा मेंढी ठावं हाय न्हवं? लोकांच्या हजारात मिसळली तरी माज्या हाकंला मान वर करायची. कोन न्हाय म्हनंल मग?"

सिद्धूला ते पटलं. का पटू नये? आबांच्या पंचांनी अशा हाकेवर किती भांडणं मिटवलेली त्याने लहानपणी पाहिली होती. त्याने गाभ्यात खोल एक हाक पेरली. कुणी 'म्हाळसा' लिहून पुढे हाक लांबवावी तसे ओळीने तीन अवग्रह दिले, म्हाळसाऽऽऽ, की पडद्यावर उमटायचं: सिद्धू कुंडलिक, वरकुटे. एरवी त्याने कशालाच धक्का लागत नव्हता.

दिवाळीनंतर सरांचा निरोप आला. काम मुख्य शाखेत गेलं. सिद्धू पेढे घेऊनच बारामतीला गेला. सरांच्या कॉम्प्युटरवर त्याने नोंद पाहिली. नवा गाभा घातला: अनय. अनय म्हणजे सरांचा पुतण्या, शेवटच्या वर्षाला असलेला. फायलींच्या डोक्यावरून सिद्धूचं नाव गेलं होतं आणि आतल्या गोष्टींची नावं बदलली होती. खाच होती तिथे मोठी खाच मारली होती.

"सर, ह्ये माजं हाय."

"खुल्या कामात माझं-तुझं कसलं रे?" सर पेढा खात म्हणाले. "ज्याच्या पासवर्डने जातं त्याचं नाव पडतं. यंत्राचा नियम आहे. अनयलाही आता पासवर्ड दिलाय मी. आणि अनयने साफसफाई किती केली, ते बघ की."

त्याच आठवड्यात कॉलेजात कार्यक्रम होता. पुण्याच्या एका कंपनीच्या सई मॅडम नवा 'टाक' बघायला येणार होत्या आणि ज्याने गाभा लिहिला त्याला नोकरीवर घेऊन जाणार होत्या. ही बातमी इंदापूरपर्यंत पोचली होती. सिद्धूने प्रतीक्षाला सांगितलं, "सामान बांधायला लाग." मूर्खच तो! पण आपल्या हाकेवर त्याचा इतका भरवसा होता.

सभागृह भरलं होतं. अनयने कोट घातला होता. जोडाक्षरं एकामागून एक पडद्यावर सुबक उमटत होती, टाळ्या पडत होत्या. आपलंच पोर दुसऱ्याच्या कडेवर बघावं तसं सिद्धू ते बघत होता. "काही प्रश्न?" अनयने विचारलं. सिद्धू उठला, थेट मंचावर गेला आणि त्याने की-बोर्ड ओढून घेतला.

"मॅडम, ह्यो कळप कुनाचा हाय ते तुमीच बगा."

त्याने हाक टंकली. पडद्यावर मोठ्या अक्षरांत उमटलं: सिद्धू कुंडलिक, वरकुटे.

त्याला वाटलं, आता सभागृह गरजेल. अनय पांढराफटक पडला. आणि नीळकंठ सर, इतके दिवस ज्यांना तोंडावर खोटं बोलायला काही वाटलं नव्हतं ते सर, हळहळत उभे राहिले.

"सिद्धू," ते हलक्या आवाजात म्हणाले, "लोक विश्वासाने हा कोड वापरतात. तू त्यात चोरून काहीतरी घातलंस?"

"चोरून न्हाय! वळख म्हनून..."

"नाव घातलंस हे उघड झालं. आणखी काय काय घातलं असशील? कुणाचं पत्र वाचायची सोय? कुणाची फाईल पुसायची?"

सभागृहात कुजबुज उठली. आबांच्या पंचांसमोर जी साक्ष झाली असती, तिचा इथे गुन्हा झाला. एका टिचकीत झाला. सिद्धूने सगळ्यांकडे पाहिलं. ज्यांच्याकडे पाहिलं त्यांनी मान फिरवली.

"हे कुठे लपवलंय ते दाखव," सर म्हणाले. "नाहीतर आख्खा नवा गाभा फेकावा लागेल. पुन्हा जुनाच चालवू."

सर ओळखून होते त्याला. सिद्धू दात-ओठ खात उभा राहिला. दाखवलं नाही तर वर्षभराचं काम उकिरड्यावर जाणार होतं आणि ती ठिगळं परत येणार होती. तो मुकाट खुर्चीवर बसला. बदललेल्या नावांच्या त्या रानात त्याने कुठेही न चाचपडता नेमकी ती जागा काढली आणि आपल्या हाताने पुसली.

सई मॅडम त्याच्या मागे उभ्या राहून बघत होत्या. सिद्धूने आशेने वर पाहिलं.

"लिहिलंय तुम्हीच," त्या म्हणाल्या. "ते आता लहान मुलालाही कळेल. पण दुसऱ्यांच्या कामात गुपचूप काही पेरणारा माणूस मला नको." आणि त्या अनयकडे वळल्या. "तुम्ही सोमवारी या. आमच्याकडे शिकाल हळूहळू."

अनयने तिथल्या तिथे ती दुरुस्ती मुख्य शाखेत घातली. खाली नोंद टंकली: सिद्धू याने चोरून घातलेला भाग काढला. 'टाक'च्या सगळ्या इतिहासात सिद्धूचं नाव आलं ते एवढंच. सरांनी शुद्धलेखन तपासलं आणि मान डोलावली.

संध्याकाळी तो वरकुट्याला उतरला तेव्हा दारात ट्रंक भरून ठेवली होती. प्रतीक्षाने त्याचं तोंड पाहिलं आणि ट्रंक आत ओढली. आबा बाजेवर बसले होते. त्यांना सिद्धूचं तोंड नीट दिसत नव्हतं.

"हाक दिली का रं?"

"दिली, आबा."

"मग? आली का म्हाळसा?"

"आली."

"समद्यांनी बगितलं?"

"व्हय. समद्यांनी."

"मी म्हनलं न्हवतं!" आबांनी मांडीवर थाप मारली. त्यांनी पटका गुंडाळला, काठी घेतली आणि पोराचा निवाडा कसा लागला ते सांगायला शेजारच्या दादासोकडे निघाले.