माझ्यासमोरची वेताची खुर्ची

मी एक जुना, दोघांपुरता सोफा आहे आणि मी जळकुकडा आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. मित्रांनो, शाळेत तुम्ही फाटक्या छत्रीचं आत्मवृत्त लिहिलं असेल. आता तुमच्या कानशिलांवरचे केस पांढरे झालेत आणि घरात जोडीदार आहे. माझी गोष्ट मोठ्यांची आहे, ती मोठ्यांनीच ऐकावी.

माझा सांगाडा सागवानी. एका अबोल कारागिराने माझ्यात स्प्रिंगा ताणून बसवल्या, वर काथ्या आणि फोम घातला आणि गडद निळं कापड चढवलं. त्याची बायको म्हणाली, "तिघांचा केला असता तर लवकर खपला असता." तो म्हणाला, "तिसरा आला की नुसत्या गप्पा होतात. दोघंच जवळ बसतात." ते वाक्य मी मनात धरून बसलो. जवळ बसलेली दोन माणसं हा आपला जन्मसिद्ध हक्कच आहे, असं मला वाटायला लागलं.

मला एका नव्या जोडप्याने विकत घेतलं. त्याचं चष्म्यांचं दुकान होतं. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये दिवसभर उभी असायची. घरी आली की चपला भिरकावून थेट माझ्यावर आडवी व्हायची आणि पाय त्याच्या मांडीवर टाकायची. तो एका हाताने तिचे तळवे दाबायचा आणि दुसऱ्या हाताने पेपर धरायचा. त्या दिवसांत मला आभाळ ठेंगणं झालं होतं. त्यांना मुलगी झाली, ती माझ्यावर उड्या मारत वाढली आणि शिकायला परगावी गेली. तोवर माझं कापड विटलं होतं, पण माझी मालकीण माझ्याकडेच होती.

मग ती आली. ती म्हणजे वेताची खुर्ची. मालकिणीच्या थोरल्या बहिणीने घर बदललं आणि नको झालेली ही वस्तू आमच्या खिडकीशी आणून टाकली. ना गादी, ना स्प्रिंग. बसलं की मांडीवर जाळी उमटते. पण आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तसं झालं. मालकीण पहिल्यांदा पुस्तक वाचायला तिथे बसली, मग चहाला, मग रोजच. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मला पाय असून मला चालता येत नाही याचा एवढा राग मला कधीच आला नव्हता.

माझ्यासारखा आणखी एक जण जळत होता. चष्मेवाला माझ्या एका कडेला बसून शेजारची जागा थोपटायचा. "ये ना इकडे."

"इथे उजेड चांगला आहे," ती म्हणायची.

कधीमधी यायची, पण अगदी कडेला टेकायची. मग त्याचा हात तिच्या मानेमागे जायचा, मीही आनंदाने करकरायचो, आणि तेवढ्यात तिला गॅसवरचं दूध आठवायचं. ती उठली की तो टीव्हीचा आवाज वाढवायचा. आतल्या खोलीत काय होतं ते मला दिसत नाही, आणि दिसलं असतं तरी मी सांगितलं नसतं. पण सकाळी दोघं माझ्यासमोर चहा प्यायची. तो रुसलेला असायचा आणि ती अपराध्यासारखी कपात बघत बसायची.

एका रविवारी त्याने विचारलंच, "दुसरं कोणी आहे का?"

ती हसली. तो हसत नाही हे पाहून तिचा चेहरा उतरला. "वेड लागलंय तुला," एवढंच म्हणून ती आत गेली. पुढच्या रविवारी त्याने मला विकायला काढलं.

दुपारी एक नवं जोडपं मला बघायला आलं. माझ्यावर बसताच दोघं एकमेकांना चिकटली. त्यांच्यातल्या मुलीने सहज विचारलं, "चांगला आहे की हो. मग का विकताय?"

चष्मेवाला म्हणाला, "आमच्याकडे दोघं बसत नाहीत."

खुर्चीतल्या मालकिणीने पुस्तक मिटलं. संध्याकाळी टेम्पो घेऊन येतो, असं सांगून ती दोघं गेली. दार लागलं तशी मालकीण म्हणाली, "परक्या माणसांसमोर बोललास. आता माझ्यासमोर बोल."

"काय बोलू? तुला मी नकोसा झालोय."

"नकोसा नाही रे. तुझ्या शेजारी बसले की पुढचं सगळं ठरलेलंच असतं. डोकं टेकवलं की तुला वाटतं सुरुवात झाली. मग मी डोकंच टेकवत नाही. दूधबीध काही नसतं गॅसवर."

त्याला हे ठाऊक नव्हतं, आणि मलाही नव्हतं.

"म्हणजे तुला इच्छाच होत नाही?"

"होते. पण तुझ्यासारखी नाही. तुला घड्याळ बघून भूक लागते. मला ताटावर बसून दोन घास खाल्ल्यावर लागते. कधी तरीही लागत नाही. आणि तू ताटाकडे टक लावून बसलास की असलेलीही मरते."

त्याने चष्मा काढून पुसला आणि म्हणाला, "मला नुसतं तेवढंच नको असतं गं. तू हो म्हणालीस की वाटतं, मी अजून तुझा आहे. हे विचारायची दुसरी रीतच मला येत नाही." त्याने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "आत्ता नुसती बसशील? मी काही मागणार नाही."

"आणि मी उठले तर?"

"तर ऊठ."

ती आली आणि बसली. तो हेडमास्तरांसमोर बसावं तसे दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसला. मीही करकरलो नाही. कारण मला माझंच कळून चुकलं होतं. ती टेकली की आता ही आपलीच झाली असं मीही धरून चालायचो, आणि माझ्या त्या हावरेपणालाही ती बिचकत होती. थोड्या वेळाने तिने त्याच्या खांद्यावर डोकं टेकवलं आणि ती झोपून गेली. टेम्पोवाल्यांचा फोन वाजू लागला. त्याचा हात बधिर झाला होता. फोन वाजून वाजून थांबला, पण तो हलला नाही. खरं सांगू? मला त्या खांद्याचाही हेवा वाटला. माझी पाठ काय कमी मऊ होती?

मला घ्यायला आलेल्या त्या मुलीची त्याने दुसऱ्या दिवशी माफी मागितली आणि मी राहिलो. फरक काही मिटला नाही. त्याची भूक त्याची आहे, तिची तिची. आजही ती कधी कधी खुर्चीतूनच म्हणते, "आज नाही." सबब सांगत नाही. तो जरासा रुसतो आणि चहा टाकायला उठतो. कधी ती खुर्ची सोडून आपणहून त्याच्याजवळ येते. त्यापुढचं त्यांचं ते बघतील.

मित्रांनो, मला झटकत जा, कधी उन्हात ठेवा, सैल झालेल्या स्प्रिंगा वेळेवर बदला. आणि हे सांगताना आजही माझ्या पोटात दुखतं, पण समोरची ती खुर्ची मात्र काढू नका. 'नाही' म्हणून बसायला मालकिणीला घरात तेवढीच जागा होती. ती नसती, तर माझी मालकीण दाराबाहेर गेली असती.