संस्थापकांच्या खुर्चीखालचं पीठ

मोठ्या संग्रहालयात काम शिकायला सात देशांतून बारा जण आले होते. त्यातल्या एकीला सगळे किडेवाली म्हणत. पहिल्या दिवशी ओळख करून देताना कुणी म्हणालं, मी चित्रं जपतो, कुणी म्हणालं, मी नाणी, ही म्हणाली, "मी किडे पकडते." हशा पिकला. तिला काही वाटलं नाही, कारण आपल्याकडच्या छोट्या संग्रहालयात ती तेच करायची. कपाटांच्या कोपऱ्यात चिकट सापळे ठेवायचे, दर सोमवारी त्यातले किडे मोजायचे, वहीत लिहायचे.

कार्यक्रमाच्या भारदस्त नावात 'संस्कृती' दोनदा आणि 'देवाणघेवाण' एकदा येत होतं. प्रत्येकाने घरची एक वस्तू आणून दालनात मांडायची होती. तिने बाबांचा रंधा आणला. बाबा सुतार, रंधा त्यांच्याही बाबांचा. मूठ दोन पिढ्यांच्या तळव्यांनी गुळगुळीत झालेली. द्यायला बाबांचा जीव होत नव्हता, तरी दिला.

सहाव्या आठवड्यात दालनातल्या फरशीवर लाकडाचं पीठ सापडलं. म्हणजे लाकूड पोखरणारा किडा. संचालकबाईंनी पाहुण्यांच्या वस्तू तपासल्या, रंध्याला बारीक भोकं दिसली आणि तपास संपला. लगेच तिच्यापुढे फॉर्म आला. किडीचं कारण: प्रशिक्षणार्थीने आणलेली वस्तू. कार्यवाही: वस्तू नष्ट करणे. खाली सहीची जागा.

"वाईट वाटून घेऊ नकोस," संचालकबाई गोड आवाजात म्हणाल्या. "तुमच्याकडे सोयी कमी असतात, आम्ही समजू शकतो. सही कर, प्रमाणपत्राला काही अडचण येणार नाही."

समजू शकतो म्हणे! तिच्या डोक्यात तिडीक गेली. घरून निघण्याआधी तिने रंधा तीन आठवडे बंद पिशवीत ठेवून रोज तपासला होता. इथे आल्यावर त्याबद्दल एकाही माणसाने विचारलं नव्हतं.

"शुक्रवारपर्यंत थांबा," ती म्हणाली. "काय लिहून सही करायची ते तेव्हा बघू."

तिने रंधा काळ्या कागदावर ठेवला, पारदर्शक पिशवीत बंद केला आणि ऑफिसातल्या टेबलावर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर मांडला. मग ती दालनात जाऊन उकिडवी बसली आणि फरशी बघत राहिली. सगळीकडे थोडीफार धूळ होती. मधोमध संस्थापकांची कोरीव खुर्ची होती, तिचंच चित्र तिकिटावर छापलेलं; फक्त तिच्याखाली फरशी लख्ख होती.

"मावशी," तिने झाडणाऱ्या बाईंना विचारलं, "इथेच एवढं स्वच्छ कसं?"

"कारण इथेच घाण पडते. पिवळं पीठ. दार उघडायच्या आधी मी रोज पुसून घेते. गेल्या आठवड्यात दोन दिवस तापाने पडले होते, तेव्हाच तर ते सापडलं."

"कधीपासून पडतंय?"

"मी लागले तेव्हापासून. नऊ वर्षं झाली. पहिल्याच वर्षी सांगितलं होतं मी. म्हणाले, तुम्ही झाडा. मग झाडतेय."

"चार दिवस नका झाडू."

"पाण्यात राहून माशाशी वैर करायला सांगतेस गं पोरी," मावशी म्हणाल्या. पण तिने दिलेला दुसरा काळा कागद त्यांनी स्वतःच्या हाताने खुर्चीखाली सरकवला.

शुक्रवारी तिने संचालकबाईंसमोर दोन्ही कागद ठेवले. रंध्याखालच्या कागदावर कण नव्हता. खुर्चीखालच्या कागदावर चहाचा चमचा भरेल एवढं पीठ होतं.

"रंध्याच्या भोकांच्या कडा बघा, काळ्या पडल्यात. माझ्या जन्माआधीची भोकं आहेत ती. खुर्चीची पांढरी स्वच्छ आहेत. आणि अळी लाकूड वर्षानुवर्षं पोखरते, मग किडा होऊन बाहेर येतो. मला येऊन सहा आठवडे झालेत. चोर सोडून संन्याशाला फाशी देताय तुम्ही!"

संचालकबाईंनी दोन्ही कागद बाजूला सरकवले. मग त्यांनी नवा फॉर्म काढला. कारण: अज्ञात.

"कुणावरच ठपका नको. रंधा घेऊन जा, प्रमाणपत्र घे. खुर्चीचं आम्ही आतल्या आत बघतो."

झाकली मूठ सव्वा लाखाची. क्षणभर तिला मोहही झाला, खोटं कशाला बोला. रंधा वाचला होता, आणि प्रमाणपत्रासाठीच तर ती एवढ्या लांब आली होती. पण पुढच्या वर्षी आणखी बारा जण येणार होते, आणि त्यांच्यातल्या कुणाच्या तरी वस्तूला भोकं असणारच होती.

"अज्ञात कसलं?" ती म्हणाली. "दालनात चार पायांवर उभं आहे." तिने तो शब्द खोडला, खुर्चीचा नोंदणी क्रमांक लिहिला, पुढे 'किमान नऊ वर्षांपासून' असं लिहिलं आणि सही केली.

"मग प्रमाणपत्र विसर."

"विसरले."

"आणि नऊ वर्षं कशावरून? कोण सांगतं?"

"मी सांगते," दारातून आवाज आला. मावशींनी बादली खाली ठेवली. "झाडते मी तिथे."

"तुम्ही यात पडू नका. नोकरीचा विचार करा. आणि या फॉर्मवर साक्षीदाराला जागाच नाही."

मावशींनी ओले हात पुसले. टेबलावरची पट्टी उचलली, पोरीच्या सहीखाली एक सरळ रेघ मारली.

"आता झाली," त्या म्हणाल्या, आणि रेघेवर आपलं पूर्ण नाव सावकाश, मोठ्या अक्षरांत लिहू लागल्या.