मोजायची वेळ

सकाळी साडेसहा. मिरजगावजवळच्या टेकडीवर भभूतबाबाने काळ्या दोऱ्याचं कडं गर्दीपुढे उंच धरलं.

"परवा दिवेलागणीला ह्यो दोरा रोगाभवती घट्ट बसला हुता. आता बगा, चार बोटं ढिला! हत्ती निघाला!"

शंख वाजला. पडद्याआड सूर्यभान धोतर सावरत होता. हत्तीरोगाने अंडकोश सुजून नारळाएवढा झाल्यापासून त्याची सायकल सुटली होती, पंगतीत बसणं सुटलं होतं. वरचेवर ताप भरायचा. आज सूज खरंच कमी होती. मग बायको म्हणते तसं नगरला जाऊन ऑपरेशन कशाला? बाबा बजावतच होता, "लोखंड लागलं की वंश बुडाला."

बायको रंगुबाई मात्र नगरच्या डॉक्टर खर्ड्यांनाच टेकडीवर घेऊन आली.

"रात्री झोपता कसे?" डॉक्टरांनी सूर्यभानला विचारलं.

"फळीवर. डोकं खाली देवाच्या पायाशी, पाय वर. मंतरलेला लंगोट आवळून."

"आणि परवानंतर दोरा फक्त सकाळीच लावतात?"

"आता सांजच्याला लावला तर देव कोपंल!" बाबा गरजला.

"कोपू दे माज्यावर," रंगुबाई म्हणाली. "अवं, सोडा त्यो लंगोट. चला रानात."

सूर्यभानने पडद्याआड लंगोट सोडला. तो रानात गेला, दिवसभर राबला. दिवेलागणीला पडद्याआड डॉक्टरांनी दोन म्हाताऱ्यांसमक्ष तोच दोरा लावला. पूर्वीसारखाच घट्ट.

"बाईनं इटाळ केला!" बाबा ओरडला.

"मग मोजायचं भ्या तुमालाच का वाटत हुतं, बाबा?" एका म्हाताऱ्याने विचारलं.

डॉक्टर सूर्यभानशेजारी बसले. "अंगातलं पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या बुजल्यात. पाय वर करून, आवळून निजलं की पाणी मागे सरतं. उभं राहिलं की परत साचतं. यात मंत्र कुठे आला? पण जाडावलेली कातडी आवळून जात नाही. ती काढून मांडीची कातडी लावावी लागते."

"आन् पोरंबाळं?"

"आतली अंडी वाचवायची खटपट करीन. मुलं होतीलच, असा शब्द देत नाही."

सूर्यभानने दोऱ्याकडे पाहिलं. बाबाने तर पोरांचा शब्द दिला होता. तरी त्याने रंगुबाईला नगरला जायची पिशवी भरायला सांगितलं.

गुण आला म्हणजे मंत्र खरा ठरत नाही. आणखी काय काय केलं ते विचारावं, आणि जेव्हा मोजू नका म्हणतात, तेव्हा मोजावं.

मंगळवारी सकाळी नगरच्या दवाखान्यात सूर्यभानला ऑपरेशनला आत नेलं. टेकडीवर त्या दिवशीही शंख वाजला, असं गावाहून आलेल्या दिराने रंगुबाईला सांगितलं. दुपारी नर्स बाहेर आली, रक्ताची आणखी एक बाटली घेऊन आत गेली. रंगुबाई दाराशी उभी आहे. दार अजून उघडलेलं नाही.