काठावरचं नाव

मित्रांनो, मी तांब्याची एक जुनी परात. अलिबागच्या तांबटाने मला ठोकून घडवलं आणि काठावर नाव घातलं, ‘मिर्यम’. भांड्यावर नाव असलं की भांडण होत नाही, असं लोक म्हणतात. म्हणोत बापडे!

मिर्यम बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू घरातली. नवस असला की माझ्यात मलिदा व्हायचा. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची आणि वर पाच फळं. मग एलियाहू हन्नाबी या पैगंबराचं नाव घ्यायचं.

पुढे दूरदेशी ज्यूंचं राज्य झालं. ‘आपलं राज्य’ म्हणत थोरली लेक सारा तिकडे गेली. इथून तिला कोणी ऊठ म्हटलं नव्हतं. मला न्यायचं म्हणून ती रडली, पण आईने मला धाकट्या रिबकासाठी ठेवलं. थोड्याच दिवसांत साराचा निरोप आला. सरकारने लोद गावात जुनं अरबी घर दिलंय आणि त्यात अगदी अशीच परात मिळालीय! सगळे म्हणाले, हन्नाबीची कृपा. मीही सुखावले. भांड्याला अक्कल ती किती असणार?

मी रिबकाबरोबर घाटकोपरला आले. शेजारची शमीम श्रीवर्धनची. मलिद्याचं खोबरं तिनेच खोवायचं, असा आमच्या घरचा शिरस्ताच पडला.

मग गाझात युद्ध पेटलं. साराचा नातू दानी सैन्यात. तो सुखरूप परतावा म्हणून रिबकाने मलिदा मांडला. साराने व्हिडिओ कॉलवर तिकडची परात पुढे धरली. खोबरं खोवता खोवता शमीम थबकली.

“काठावर काय लिहिलंय गं?”

“नक्षी आहे ती,” सारा म्हणाली.

“नक्षी कसली? लहानपणापासून अरबी वाचतेय मी. नाव आहे. जैनब.”

परात बाजूला करत सारा म्हणाली, “घर रिकामंच होतं.”

“रिकामं होतं, की केलं होतं?”

फोन कट झाला. रिबका कडाडली, “पोराच्या काळजीने जिवाला घोर लागलाय, आणि तुला आजच वाचायचं होतं?”

“गाझातली पोरं रोज मरतायत, रिबका. त्यांचा मलिदा कोण मांडणार?” अर्धा नारळ तसाच ठेवून शमीम उठली. पुन्हा आली नाही.

दानी परतला. जिवंत आहे, पण कोणाशी बोलत नाही म्हणे. परवा साराचा फोन आला. “परात घासून घेतली गं मशीनवर. आता काही दिसत नाही.”

“बरं केलंस,” रिबका म्हणाली. फोन ठेवला आणि कितीतरी वेळ माझ्या काठावरून, आईच्या नावावरून, बोट फिरवत राहिली. समोर शमीमचं दार बंद होतं. ते ठोठावायला मात्र ती उठली नाही.

मित्रांनो, भांडी लख्ख घासा. पण काठावर कोणाचं नाव असलं, तर आधी ते वाचा.