बिनऔषधाची ओळ

शिरूरजवळच्या मळ्यात दगडोबा एक खेकडा सांभाळून होता. शंखात राहणारा, कोकणातून आणलेला, शंभू नावाचा. खेकडा त्याच्या नातीचा, प्रांजलचा. मुलाचं, सुमितचं, बायकोशी फाटलं. सून धनश्री प्रांजलला घेऊन दौंडला राहायला गेली, आणि तिकडं बस्तान बसेपर्यंत शंभू आजोबाकडं राहिला. म्हाताऱ्याला खेकड्याचं काडीचं कौतुक नव्हतं. पण शंभू जगला तरच नातीला फोन करायला तोंड होतं.

सुरुवातीलाच त्यानं घोळ घातला. धान्याला कीड लागू नये म्हणून घालतात तसा कडुनिंबाचा पाला शंभूच्या पेटीत घातला. शंभू शंखात शिरला तो बाहेर येईना. प्रांजलनं फोनवर चांगलं झापलं.

"आबा, कडुनिंब नाही, कण्हेर नाही, निलगिरी नाही! जास्वंद, पेरू, तुती चालतं. झेंडू पण चालतो, पण औषध मारलेला नको."

"औषध मारल्याबगार झेंडू येतोय व्हय?" म्हातारा हसला खरा, पण बांधाकडची झेंडूची एक ओळ त्यानं फवाऱ्यातून वगळली. मग काय, मळ्यातली सगळी अळी तिथंच जेवायला आली.

"आबा, ही वळ सगळ्या वावराला रोग लावंल," सुमित करवादला. म्हाताऱ्यानं कानाडोळा केला.

शंभू सावरला. फोनला मात्र निमित्त पुरेना. शेवगा चालतो का? केळीचं वाळलेलं पान? नारळाचा काथ्या? उत्तरं पाठ झाली होती, तरी विचारायचा. मळ्यातली झाडं संपली तेव्हा घोडनदीच्या काठानं नवं झाड शोधत हिंडला. नातीच्या आवाजासाठी माणसानं इतकं वेडं व्हावं? व्हावं. घरात बोलायला दुसरं होतंच कोण? सुमित कारेगावच्या कंपनीतून यायचा आणि झोपायचा.

मग प्रांजलचाच फोन आला. "आबा, आईनं मोठी काचेची पेटी आणली. शंभूला घेऊन या!"

शंभू गेला की फोनचं निमित्तही जाणार होतं. तरी भोकं पाडलेल्या डब्यात शंभू आणि पिशवीत पाला घेऊन तो एसटीत बसला.

दौंडच्या खोलीत प्रांजल पेटीला जी चिकटली ती चिकटलीच. धनश्रीनं चहा दिला. म्हाताऱ्याला तिच्याकडं नीट बघवेना. त्यानं नातीलाच विचारलं, "आता पाला कुठनं आनशील?"

"खाली नर्सरी आहे ना."

"तिथल्या झाडांला औषध मारत्यात. माझ्याकडं एक वळ बिनऔषधाची हाय."

"खेकड्यासाठी पिकाची ओळ सोडली, आबा?" धनश्री म्हणाली.

म्हाताऱ्याचा धीर सुटला. "खेकडं गेलं खड्ड्यात, पोरी. मला प्रांजल दिसत न्हाई. घर खायला उठतंय."

धनश्री कपाच्या कानाशी चाळा करत राहिली. मग हळूच म्हणाली, "सासरे म्हणून यायला तुम्हाला अवघड जातं, आणि बोलवायला मला. तर पालेवाले म्हणून या. दर रविवारी."

म्हाताऱ्याला हसू आलं आणि डोळेही भरले. टोपी सारखी करत तो घाईनं उठला. "मग येतो रविवारी."

"आज रविवारच आहे, आबा," पेटीतून मान वर न काढता प्रांजल म्हणाली.

म्हातारा परत खाली बसला.